भुताला बूट कशाला लागतो?

मागच्या अंकात आर्थर कॉनन डॉयलच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागला. म्हणून या वेळचं सदर फक्त या एका पुस्तकावर. आधीच सांगते, खाली सगळं फोडलेलं आहे, खुनी कोण, कुत्रा कसला, सगळं, त्यामुळे ज्यांना वाचायचंय त्यांनी आधी पुस्तक मिळवा आणि मग इकडे या.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात गोष्ट. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगणा, तिथलं डार्टमूर नावाचं ओसाड माळरान आणि दलदल. बास्करव्हिल घराण्याचा एक माजोरडा पूर्वज ह्यूगो, त्याला एका राक्षसी कुत्र्यानं फाडलं आणि तेव्हापासून घराण्यामागे शाप लागला अशी दंतकथा. पुढे सर चार्ल्स बास्करव्हिल रात्री बंगल्याबाहेर मरून पडतात, अंगावर ओरखडा नाही. वारस सर हेन्री कॅनडातून येतो, आणि डॉक्टर मॉर्टिमर लंडनचा डिटेक्टिव्ह शेरलॉक होम्स याच्याकडे धाव घेतो. शेवटी निघतं असं की शेजारी राहणारा, फुलपाखरं पकडत फिरणारा स्टेपलटन हा त्याच घराण्यातला, नाव लपवून राहिलेला वारस आहे, आणि कुत्रा त्यानं विकत आणून दलदलीत लपवून ठेवलेला आहे.

प्रश्न : ताई, मी रेल्वेतून रिटायर झालोय. नातवाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणतो, आजोबा, भूत नव्हतं ना, कुत्रा चावलापण नाही ना, मग म्हातारा मेला कशानं? मला धड सांगता येईना. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : काका, नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या, त्यानं बरोबर जागी बोट ठेवलंय. सर चार्ल्स मेले भीतीनं. त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं, आणि शापाची गोष्ट त्यांनी इतकी मनावर घेतली होती की रात्री माळाकडे पाऊल टाकायचे नाहीत. हे दोन्ही स्टेपलटनला ठाऊक होतं. मग त्यानं लॉरा लायन्स नावाच्या बाईकडून चिठ्ठी लिहवून घेतली, रात्री दहाला माळाकडच्या फाटकाशी भेटा म्हणून. म्हातारा तिथं थांबला, सिगारची राख दोनदा गळेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटं. फाटकाच्या पुढे त्यांच्या पावलांचे ठसे बदलतात, फक्त चवड्यांचे उमटलेत. बाकीचे म्हणाले चवड्यावर चालत होते, होम्स म्हणतो चालत कशाला, जीव घेऊन पळत होते! स्टेपलटननं मागे सोडलेला कुत्रा मेलेल्या माणसाला शिवला नाही आणि परत गेला.

आता नातवाला पुढचं सांगा, मला तरी पुस्तकातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो. लंडनच्या हॉटेलातून सर हेन्रीचा एक बूट चोरीला जातो, कोरा करकरीत, एकदाही न घातलेला. तो परत येतो आणि जुना, वापरलेला बूट गायब होतो. सगळे हसतात, एका पायाचा बूट चोरून करणार काय. होम्स हसत नाही. कारण नव्या बुटाला माणसाचा वास नसतो, जुन्याला असतो, आणि वास लागतो तो नाक असलेल्या खऱ्या जिवंत कुत्र्याला. नरकातून आलेल्या भुताला बूट कशाला लागतो? तिथंच शाप संपला, अजून दलदल दिसायची आहे, कुत्रा दिसायचा आहे, पण केस फिरली ती तिथं.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, केमिस्ट्री. कुत्र्याच्या तोंडाला फॉस्फरस लावून तो चमकायचा असं दाखवलंय. हे खरंच होतं का? (एक विद्यार्थिनी, चोपडा)

उत्तर : चमकायचं खरं, बाकीचं अवघड. पांढरा फॉस्फरस हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतो आणि अंधारात फिकट हिरवट उजेड देतो. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडनं तो मूत्र आटवून आटवून मिळवला, सोनं शोधत होता बिचारा. पण हाच फॉस्फरस उघड्या हवेत तीस-पस्तीस अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतो. कुत्र्याच्या अंगाचंच तापमान अडतीसच्या वर! म्हणजे केसांना चोपडला तर त्याचं थोबाड भाजणार, आणि तो जीभ फिरवणारच, तर विष पोटात. आणि मे महिन्यात आपल्याकडे हा प्रयोग केला असता तर कुत्र्याची गरजच नव्हती, डबी उघडल्याबरोबर स्टेपलटनच पेटला असता.

अजून एक गंमत बघ. होम्स वास घेऊन म्हणतो की या मिश्रणाला वास नाही, म्हणजे कुत्र्याच्या नाकात अडथळा नाही. पांढऱ्या फॉस्फरसला तर लसणासारखा वास येतो. डॉयल स्वतः एडिंबराला शिकलेला डॉक्टर, त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, म्हणूनच त्यानं होम्सच्या तोंडी नुसता फॉस्फरस न ठेवता मोठ्या चतुराईनं केलेलं मिश्रण असं मोघम घातलंय, म्हणजे कोणी पकडायला नको. त्या काळी हा पदार्थ लोकांच्या घरात होता, काड्यापेटीत. कारखान्यातल्या बायकांचे जबडे त्याच्या वाफेनं सडायचे, १९०६ मध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय करार होऊन अशा काड्यांवर बंदी आली. त्यामुळे १९०२ मध्ये हे पुस्तक आलं तेव्हाच्या वाचकाला फॉस्फरस काही अजब वाटला नसणार. आणि हो, प्रॅक्टिकलमध्ये सरांना विचारल्याशिवाय काही करू नको.

प्रश्न : 'बीस साल बाद' याच्यावरूनच घेतलाय ना? आमच्या घरात यावरून पैज लागलीय. (एक वाचक, धुळे)

उत्तर : पैज तुम्ही जिंकली असं समजा, पण पूर्ण नाही. १९६२ चा, बिरेन नाग यांचा सिनेमा, विश्वजीत आणि वहिदा रहमान. घराण्यावरचा शाप, एकामागून एक मरणारे ठाकूर, परदेशातून आलेला वारस, दलदल, हा सांगाडा इथूनच आलाय. त्याआधी १९५१ मध्ये बंगालीत 'जिघांसा' येऊन गेला होता. फरक असा की हिंदीत कुत्रा गेला आणि त्याच्या जागी गाणारी बाई आली, आपल्याकडे भूत म्हटलं की पांढरी साडी आणि लताबाईंचा आवाज लागतोच. शेवट सांगत नाही, तो पुस्तकापेक्षा वेगळा आहे.

प्रश्न : मी एलएलबी करतोय. स्टेपलटननं म्हाताऱ्याला हात लावला नाही, कुत्र्यानं चावा घेतला नाही. आपल्या कायद्यानं हा खून होईल का? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : तुम्ही वकील होणार, मी नाही, तरी माझं मत सांगते. मारायच्या इराद्यानं काही कृती केली आणि तिच्यामुळे माणूस मेला तर तो सदोष मनुष्यवध, आणि इराद्याच्या प्रमाणात तो खून ठरतो. पूर्वी भारतीय दंड संहितेची २९९, ३०० कलमं होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची १०० आणि १०१. समोरच्याला असा आजार आहे की एका फटक्यानं तो जाईल, हे माहीत असून फटका मारला तर खून, हे उदाहरण खुद्द कायद्यात दिलंय. आता फटक्याच्या जागी अंधारात सोडलेला चमकणारा कुत्रा ठेवा. कृती आहे, इरादा आहे, आजाराची माहिती आहे. माझ्या मते कायद्याचं अडत नाही, अडतं ते पुराव्यात.

आणि होम्सही तिथंच अडलाय. तो आपल्या मित्राला, ही गोष्ट सांगणाऱ्या वॉटसनला, सांगतो, अंगावर खूण नसलेलं प्रेत आहे, माणूस भीतीनं मेला हे तुला मला माहीत, पण बारा ठोकळ ज्युरींना हे कसं पटवणार? म्हणून तो सर हेन्रीला आमिष म्हणून माळावरून एकटा चालत पाठवतो. हे मला कधीच आवडलं नाही. धुकं येतं, बेत फसत येतो, कुत्रा हेन्रीच्या नरड्यापर्यंत पोहोचतो आणि मग कुठं होम्सच्या गोळ्यांनी मरतो. पोरगा वाचला, पण त्याच्या मनाची इतकी वाताहत झाली की जगाची सफर करायला पाठवावं लागलं. अशीलाला असं वापरणारा डिटेक्टिव्ह कितीही हुशार असला तरी मी त्याला फी दिली नसती!

प्रश्न : ताई मन्ही केळीनी बाग शे रावेरकडे. शेतीची लाइट रात्रीची, म्हणून पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. एकदा ओळींमध्ये फिरत राहिलो, वाटच सापडेना, दोन हिरवे डोळे पण दिसले. घरचे म्हणतात चकवा लागला, मजूर म्हणतो मुंजा. तुम्ही काय म्हणता? (एक शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, मी म्हणते डोळे खरे होते. आधी वाट चुकायचं बघू. २००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती सरळ गेली, ढग आले किंवा चंद्र मावळला की भरकटली, गोल फिरून आपल्याच वाटेवर आली आणि त्यांना पत्ताही नाही, उलट वाटत होतं आपण सरळच चाललोय. तुमच्या बागेत तर सगळ्या ओळी एकसारख्या, डोक्यावर पानं, आभाळ दिसायला जागा नाही, त्यात झोप मोडून गेलेलं. चकवा लागला की एका जागी बसून राहायचं, फटफटलं की वाट सापडते, असं जुने लोक सांगतात ते म्हणून बरोबरच आहे, कारण उजेड आला की खूण सापडते.

हिरव्या डोळ्यांचं सोपं आहे. रात्री हिंडणाऱ्या पुष्कळ जनावरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो, बॅटरीचा उजेड त्यावरून उलटा फिरतो. ते मांजर असेल, कोल्हा असेल, नाहीतर बिबट्या असेल, यावल-रावेर पट्ट्यात सातपुडा बाजूलाच आहे आणि केळीच्या बागेत बिबट्याला सावली, पाणी, लपायला जागा सगळं मिळतं. म्हणून मुंजा नाही हे कळलं की बिनधास्त जायचं असं करू नका बरं का. कादंबरीतही भूत नव्हतं पण कुत्रा होता, ब्लडहाउंड आणि मॅस्टिफच्या संकराचा, आणि त्याचे दात खरे होते. एकटे जाऊ नका, बॅटरी ठेवा, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावा, ठसे दिसले तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

प्रश्न : ज्या माणसानं होम्स लिहिला तो स्वतः आत्मे बोलावत होता असं ऐकलं. खरं की अफवा? (एक वाचक, शहादा)

उत्तर : खरं, आणि लपूनछपून नाही. १८९३ मध्येच तो असल्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या एका लंडनच्या संस्थेचा सभासद झाला, १९१६ मध्ये जाहीरपणे सांगितलं की मृतात्म्यांशी बोलता येतं यावर आपला विश्वास आहे. मुलगा गेला त्या दुःखानं तो तिकडे वळला असं खूप जण लिहितात, पण मुलगा किंग्जली गेला १९१८ ला, म्हणजे नंतर. कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी १९१७ मध्ये काढलेले पऱ्यांचे फोटो त्यानं खरे मानले, १९२२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक काढलं. त्या पऱ्या म्हणजे कागदावर काढून कापलेली चित्रं होती हे त्या दोघींनी कबूल केलं १९८३ मध्ये, आज्या झाल्यावर. तोवर डॉयल जाऊन त्रेपन्न वर्षं झाली होती.

पण होम्सला त्यानं यातलं काही लागू दिलं नाही याचं मला कौतुक वाटतं. शापाचा जुना कागद वाचून झाल्यावर होम्स जांभई देतो आणि म्हणतो, परीकथा जमवणाऱ्याच्या कामाचं आहे. मॉर्टिमर घाबरून सांगतो तेव्हा उलट विचारतो, सैतानच असेल तर तो लंडनमध्येही गाठेल की, पंचायतीसारखी हद्द आखून देऊन तेवढ्यातच ज्याची सत्ता चालते असला कसला सैतान! हे लिहिणारा माणूस पुढे पऱ्यांवर पुस्तक लिहितो. माणसाच्या डोक्यात असे दोन कप्पे असतात, आपल्याकडेही लॅबमध्ये मायक्रोस्कोप आणि गाडीला लिंबू-मिरची सुखानं नांदतातच.

प्रश्न : होम्स अर्धं पुस्तक गायब आहे. मला तर फसवल्यासारखं वाटलं. (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : पंधरा प्रकरणं आहेत, सहाव्यात तो वॉटसनला गाडीत बसवून देतो आणि अकराव्याच्या शेवटी माळावरच्या दगडी झोपडीत सापडतो. मधला सगळा डोलारा वॉटसनवर, त्याची पत्रं आणि डायरी. मला हाच भाग आवडतो. होम्स सोबत असेल तर वाचकाला भीती वाटत नाही, तो नसला की रात्री रडणारी बाई, मेणबत्ती घेऊन खिडकीशी उभा बटलर, तुरुंगातून पळालेला सेल्डन, दलदलीत ओरडत बुडणारं तट्टू, हे सगळं आपल्या एकट्याच्या अंगावर येतं. पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुतला की जसं वाटतं ना, ओढावं तर चप्पल आतच राहते, तशी ती पानं आहेत. शिवाय तेव्हा होम्स मेलेला होता हो! १८९३ च्या गोष्टीत डॉयलनंच त्याला दरीत ढकललेलं, लोकांनी आठ वर्षं डोकं खाल्लं तेव्हा ऑगस्ट १९०१ पासून 'स्ट्रँड' मासिकात ही कादंबरी सुरू केली, तीही मरायच्या आधीची केस म्हणून.

प्रश्न : ताई, मी धडगाव भागात आठवीला शिकवतो. वर्गात गोष्ट वाचून दाखवायचा विचार आहे, पण इथं डाकिणीची भीती घराघरात आहे. मुलं अजून घाबरतील का? आणि सुरुवात कशी करू? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, जरूर वाचा, इथंच वाचा. अक्कलकुवा, धडगावकडे एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण, गावाबाहेर काढणं, जीव घेणं हे झालेलं आहे, आणि तिकडे काम करणारे कार्यकर्ते सांगत आलेत की बऱ्याचदा मागे जमीन असते, भाऊबंदकी असते, एकटी बाई असते. कादंबरीतही बघा, शाप म्हणजे सगळं धुकं, आत काय तर सर हेन्रीच्या वाट्याचे सात लाख चाळीस हजार पौंड.

पण मुलांना दाखवण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यावर कोणी फारसं बोलत नाही. प्रेतापासून थोड्या अंतरावर कुत्र्याचे भलेमोठे ठसे होते. ते पाहिले एकट्या डॉक्टर मॉर्टिमरनं, शिकलेला माणूस. आणि मृत्यूच्या चौकशीत तो गप्प बसला! का, तर आपण अंधश्रद्धेला दुजोरा दिला असं लोकांना वाटेल, आणि बंगल्याचं नाव अजून खराब होऊन तिथं कोणी राहायला येणार नाही. म्हणजे ज्यांचा भुतावर विश्वास ते अंधार पडल्यावर माळावर जाऊन बघणार नाहीत, आणि जो स्वतःला विज्ञानाचा माणूस म्हणवतो तो बघूनही बोलणार नाही. स्टेपलटनला दोघंही हवे होते. नुसते घाबरणारे असते तर त्याचं भागलं नसतं, गप्प बसणारा डॉक्टरही लागला. तुमच्या गावातही बघा, डाकीण आहे असं ओरडणारे थोडे असतात, आणि हे खोटं आहे हे माहीत असून आपल्याला काय करायचंय म्हणत घरात बसणारे पुष्कळ, त्यात नोकरीवाले आले, सरपंच आले, आपण मास्तर लोकही आलो.

मुलांना कायदाही सांगा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं पसरवून तिचं जगणं मुश्किल करणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. पोलीस ठाण्यात यासाठी दक्षता अधिकारी असतो, तक्रार त्याच्याकडे.

आता वाचायचं कसं. सगळी कादंबरी एका दमात नको, भाषांतर जाड असेल तर गोष्ट आपल्या शब्दांत सांगत जा आणि मोक्याची पानं तेवढी वाचा. मुलं पावरी, भिलोरी बोलणारी असतील तर मधेमधे त्यांच्याकडूनच त्यांच्या बोलीत सांगवून घ्या, माळरान आणि जनावरं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतात. पहिल्या दिवशी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटाला थांबा, जिथं मॉर्टिमर सांगतो की ते ठसे एका प्रचंड कुत्र्याचे होते. घरी जाताना मुलांना एकच काम द्या, हा म्हातारा मेल्यानं कोणाला काय मिळणार याची यादी करून आणा. बटलर बॅरीमोरला आणि त्याच्या बायकोला पाचशे-पाचशे पौंड मिळालेत, डॉक्टरला हजार, हे पाचव्या प्रकरणात कळतं, ते आधीच सांगून टाकलं तरी चालेल. पाचव्या दिवसापर्यंत बुटावर या. बुटाचं कोडं उत्तर न सांगता निदान एक रात्र तसंच ठेवा, कोणीतरी पोरगं, ज्याच्या घरी शिकारी कुत्रा आहे असं, ते ओळखणारच. सेल्डन कड्यावरून पडून मरतो ते पान मात्र रंगवून वाचू नका, त्याच्या बहिणीचं, म्हणजे बॅरीमोरच्या बायकोचं, रडणं लहान मुलांना कुत्र्यापेक्षा जास्त लागतं.